‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ रेडिओवर : घबराटीची गोष्ट पुरे, बांधणी ऐका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर संपत आला की एक मजकूर मराठी वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून हमखास फिरतो. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रविवारी रात्री अमेरिकेत रेडिओवर मंगळवासीयांच्या आक्रमणाचं नाटक लागलं, लोकांना ते खरं वाटलं आणि अख्खा देश घरदार टाकून रस्त्यावर पळत सुटला, असा त्याचा आशय. आम्ही नभोनाट्यं लिहिणारे आणि त्यांचं ध्वनिमुद्रण करणारे काही जण आहोत. ‘पळत सुटला’ हा भाग फुगवलेला आहेच. पण आमची खरी तक्रार वेगळी आहे. या गोष्टीपायी ते नाटक बांधलं कसं होतं, हे कुणी विचारतच नाही. आता महाविद्यालयांतले गट, कम्युनिटी रेडिओवरची मंडळी, पॉडकास्ट करणारी मुलं असं नाटक मराठीत करू पाहतात, तेव्हा त्यांच्या हाती खोट्या बातमीची युक्ती तेवढी लागते. त्यातून ना नाटक धड होतं, ना ऐकणाऱ्याची काळजी घेतली जाते. म्हणून हे लांबलेलं पत्र. जागा कमी पडली तर घबराटीबद्दलचा पुढचा परिच्छेद गाळा. बाकीचा कृपया ठेवा.

एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीवरून हॉवर्ड कोच यांनी संहिता लिहिली आणि ऑर्सन वेल्स यांच्या ‘मर्क्युरी थिएटर ऑन द एअर’ने ती सीबीएस या रेडिओ कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओतून रात्री आठ वाजता थेट सादर केली. (कादंबरीकार आणि दिग्दर्शक यांचं काही नातं नव्हतं. गोंधळ टाळण्यासाठी दिग्दर्शकाला पुढे ऑर्सन म्हणतो.) त्याच वेळी प्रतिस्पर्धी एनबीसीवर शब्दभ्रमकार एडगर बर्गन यांचा तुफान लोकप्रिय कार्यक्रम चालू होता. त्या रात्री हूपर संस्थेने सुमारे ५,००० घरांत फोन करून ‘काय ऐकताय’ असं विचारलं, त्यात जेमतेम दोन टक्क्यांनी या नाटकाचं नाव घेतलं. प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठ लाख श्रोते आणि त्यांतले दहा लाखांहून अधिक घाबरलेले, असा अंदाज आहे. तोच आकडा आजवर फिरतो. पण त्यासाठीच्या मुलाखती आणि पाहण्या वर्तमानपत्रांच्या मोठाल्या मथळ्यांनंतर झाल्या, हे कुणी सांगत नाही. लोक घाबरले, पोलीस ठाण्यांत आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत फोन खणखणले, काही जण घराबाहेरही पडले, एवढं खरं. अख्खा देश रस्त्यावर आला होता, याला पुरावा नाही. जाहिराती आणि ताज्या बातम्या रेडिओ पळवतो म्हणून वर्तमानपत्रं तेव्हा रेडिओवर चिडून होती, हेही मथळे वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

आता नाटकाकडे. साधारण तासाभराच्या या कार्यक्रमात पहिली चाळीस मिनिटं बातम्या आणि थेट वृत्तांत आहेत, उरलेल्या भागात मुख्यतः एका खगोलशास्त्रज्ञाचं कथन. लोक ‘तासभर बातम्यांचं नाटक’ म्हणतात ते चूक आहे. पहिल्या चाळीस मिनिटांतही सुरुवातीला जवळपास काही घडत नाही. हवामानाचा अंदाज येतो, मग हॉटेलातल्या नृत्यवाद्यवृंदाचं संगीत सुरू होतं. ते थांबवून एक छोटी बातमी: मंगळावर वायूचे स्फोट दिसले. पुन्हा संगीत. मग वेधशाळेतली मुलाखत. तिच्या मागे घड्याळाची टिकटिक. पुन्हा संगीत. तालमीत सहकाऱ्यांना हा भाग कंटाळवाणा वाटत होता, तो कापावा असं त्यांचं मत होतं. ऑर्सननी उलट तो ताणला. आमच्या मते त्या रात्रीचा सगळ्यात मोठा निर्णय हाच. ऐकणाऱ्याच्या कानाला ‘बातमी, मग संगीत’ अशी सवय लागली, की पुढे संगीत परत आलं नाही एवढ्यानेच त्याच्या पोटात गोळा येतो; वेगळा धक्का द्यावा लागत नाही. मराठीत आम्ही ऐकलेल्या प्रयोगांपैकी बहुतेकांत दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला मंगळवाला हजर असतो. त्यानंतर आरडाओरडा वाढवत नेण्यापलीकडे नटांच्या हाती काही उरत नाही.

या संगीताचं आणखी एक काम आहे. नाटकातला वार्ताहर प्रिन्स्टनहून, मंगळावरून आलेलं धातूचं नळकांडं जिथे पडतं त्या ग्रोव्हर्स मिलपर्यंतचे अकरा मैल दहा मिनिटांत आल्याचं सांगतो. प्रत्यक्ष प्रक्षेपणात तेवढीही मिनिटं गेलेली नसतात. पुढे तर फौजा गोळा होतात, लढतात आणि संपतात, तेही काही मिनिटांत. हे खपून जातं, कारण दोन ठिकाणांच्या मध्ये काहीतरी असंबद्ध वाजत असतं आणि तेवढ्यात कान वेळेचा हिशेब सोडून देतो. लिहिताना एक साधा नियम ठेवावा: एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना मध्ये निदान तीस-चाळीस सेकंद कथेशी संबंध नसलेलं काहीतरी हवं. गाणं, बाजारभाव, पाऊसपाणी, काहीही. ते गाळलं की ‘इतक्यात हा तिथे पोचला कसा’ हा प्रश्न लगेच उभा राहतो.

शेतकऱ्याची मुलाखत हा या संहितेतला आमचा सर्वांत लाडका तुकडा. ज्याच्या शेतात ती वस्तू पडली त्या विल्मथला वार्ताहर प्रश्न विचारतो. तो भलतंच लांबण लावतो: मी रेडिओ ऐकत होतो, कुणी प्राध्यापक मंगळाबद्दल बोलत होता, मला जरा डुलकी लागली होती. वार्ताहर त्याला माइकच्या जवळ यायला आणि मोठ्याने बोलायला सांगतो. कथेच्या दृष्टीने यात नवी माहिती शून्य. पण ‘माइकजवळ या’ या एका वाक्याने माइक कुठे आहे, शेतकरी किती लांब उभा आहे, मागे गर्दी किती आहे, हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. शिवाय आपण नुकतीच ऐकलेली मुलाखत त्यानेही ऐकली, म्हणजे आपण आणि तो एकाच जगात आहोत, हेही बसून जातं. मराठीत हा प्रसंग करायचा तर शेतकऱ्याच्या तोंडी विश्वाबद्दलचं कुतूहल घालू नका. त्याचा ऊस जळालाय. पंचनाम्याला तलाठी कधी येणार, हेच तो विचारेल. आणि वार्ताहराच्या तोंडून ‘आपण पाहू शकता’ हे निघता कामा नये. दूरचित्रवाणीवर कान तयार झालेल्या मुलांकडून हे वाक्य रेडिओच्या माइकसमोर सहज निसटतं. रेडिओच्या वार्ताहराला माप सांगावं लागतं, रंग सांगावा लागतो, अंतर सांगावं लागतं. मूळ नाटकातला वार्ताहर त्या नळकांड्याचा व्यास सुमारे तीस यार्ड असल्याचं सांगतो, रंग पिवळट पांढरा सांगतो.

वार्ताहराची भूमिका फ्रँक रीडिक यांनी केली. ६ मे १९३७ रोजी लेकहर्स्टला हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळालं, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन यांनी केलेल्या वर्णनाची ध्वनिमुद्रिका त्यांनी तयारीसाठी पुन्हा पुन्हा ऐकली. आमच्या मते तिच्यातून त्यांनी उचललं ते हे, की माणूस हादरतो तेव्हा आधी त्याची वाक्यं तुटतात आणि आवाज मागाहून चढतो. आमचे नट नेमकं उलटं करतात. तालमीत त्यांना पहिल्यांदा प्रसंग हळू आवाजात, फक्त वाक्यं मोडत करायला लावावा. आवाज चढवायची परवानगी अखेरच्या चार ओळींपुरती.

आणि मग शांतता. वार्ताहर बोलता बोलता माइक कोसळतो आणि पुढे सुमारे सहा सेकंद काहीच नाही. थेट प्रक्षेपणात सहा सेकंद म्हणजे फार मोठा काळ. ऑर्सननी हाताने सगळ्यांना थोपवून धरलं होतं असं सांगतात. त्यानंतर स्टुडिओतला निवेदक येतो तो घाबरलेला नसतो. काही तांत्रिक अडचणीमुळे तिथलं प्रक्षेपण खंडित झाल्याचं तो नेहमीच्या स्वरात सांगतो आणि पियानो सुरू होतो. भीती त्या पियानोत आहे. निवेदकाने इथेच घाबरून दाखवलं तर पुढच्या पंचवीस मिनिटांचं भांडवल एका मिनिटात उधळलं जातं.

आज ही सहा सेकंदं करायला गेलात तर तीन अडचणी येतात, आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. पहिली: बहुतेक केंद्रांवर शांतता ओळखणारी यंत्रणा असते. ठरलेले सेकंद आवाज आला नाही की ती गजर वाजवते किंवा आपोआप राखीव गाणं लावते. ती किती सेकंदांवर लावली आहे ते अभियंत्याला आधी विचारा आणि तुमच्या शांततेची नेमकी वेळ त्याला लेखी द्या. दुसरी: एफएमवर जाण्याआधी आवाज कॉम्प्रेसरमधून जातो. समोर मोठा आवाज नसला की तो बारीकसारीक आवाज वर ओढतो. म्हणजे तुमच्या शांततेत पंख्याची घरघर आणि कुणाचं तरी शिंकणं स्पष्ट येतं. तेव्हा त्या जागी स्टुडिओत प्रत्यक्ष गप्प बसून भागत नाही. स्वच्छ मुद्रित शांतता घालावी. तिसरी पॉडकास्टची: अनेक ॲपमध्ये शांत जागा आपोआप आखडण्याची सोय असते आणि सहाचे दोन सेकंद कधी झाले ते कळतही नाही. उपाय म्हणजे तिथे पूर्ण शून्य न ठेवता सुमारे उणे ४५ डेसिबलवर फोनलाइनसारखी बारीक सूं ठेवायची. बऱ्याच ॲपना ती शांतता वाटत नाही, आणि कानाला ती ‘लाइन चालू आहे, माणूस नाही’ असं सांगते. निव्वळ शून्यापेक्षा हे जास्त परिणामकारक आहे, असं आमचं मत.

ध्वनिपरिणामांचंही थोडं सांगतो. नळकांड्याचं झाकण फिरत उघडतं तो आवाज या नाटकाचा कणा. फिरकीच्या झाकणाचा जुना पितळी किंवा ॲल्युमिनियमचा डबा घ्यावा, आट्यांवर चिमूटभर वाळू टाकावी, डबा रिकाम्या पाण्याच्या पिंपात धरून सावकाश फिरवावा आणि माइक पिंपाच्या तोंडाशी ठेवावा. मुद्रण अर्ध्या वेगाने वाजवलं की आवाज एक सप्तक खाली येतो आणि डब्याचा हंडा होतो, हंड्याचं काहीतरी अवाढव्य. तयार आवाजांच्या संग्रहातला ‘अंतराळयान’ या नावाचा आवाज वापरू नका. तो सगळ्यांनी शंभर खेळांत ऐकलेला असतो. मंगळवाल्यांच्या किरणशस्त्रासाठी नुसती खर्जातली गुणगुण पुरत नाही, कारण मोबाइलच्या स्पीकरवर साधारण २०० हर्ट्‌झच्या खालचं जवळपास ऐकूच येत नाही. ३०० ते ८०० हर्ट्‌झच्या पट्ट्यातही तिची सोबत ठेवावी. आगीसाठी सेलोफेनचा कागद चुरगाळतात ते ठीक, पण तो माइकपासून वीतभर अंतरावर, अगदी हलक्या हाताने. जोर दिला की फरसाणाचं पुडकं ऐकू येतं.

गर्दी हा मराठी नभोनाट्याचा जुना दुखणाईत भाग. सहा माणसं पुरतात, फक्त तीनदा मुद्रण करा आणि दर वेळी प्रत्येकाने जागा आणि अंतर बदला. मग अठरा जण होतात. मात्र प्रत्येकाला खरं वाक्य द्या: ‘मागं सरका’, ‘पोरगं कुठाय’, ‘बॅटरी इकडं मार’. ‘अरे अरे, काय हे’ असं सहाही जण बोलू लागले की ऐकणाऱ्याला तालमीची खोली दिसते. मैदानातला वृत्तांत मैदानातच, निदान गच्चीवर मुद्रित करा. स्टुडिओतल्या भिंतींचा परतावा नंतर कोणत्याही फिल्टरने जात नाही. फोनवरच्या आवाजाला ३०० ते ३४०० हर्ट्‌झची चाळण लावली की काम होतं; स्टुडिओतल्या निवेदकाला कसलीही चाळण नको. या दोन पोतांमधला फरक जितका स्वच्छ, तितका स्थळबदल न सांगता कळतो. शब्दांचा हिशेब: मराठी बातमी मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्दांनी वाचली जाते, म्हणजे एक बातमी चाळीस-पन्नास शब्दांत, पंचवीस सेकंदांत संपली पाहिजे. केंद्राला फाइल ४८ किलोहर्ट्‌झ वेव्हमध्ये द्या. कमी बिटरेटच्या एमपी थ्रीमध्ये आग आणि गर्दी यांचा एकच चिखल होतो.

खऱ्या वृत्तनिवेदकांना घेण्याचा मोह होतो. १९६८ च्या हॅलोवीनला बफलो शहरातल्या डब्ल्यूकेबीडब्ल्यू या केंद्राने तसं केलं. लिहिलेली संहिता वाचताना बातमीदार नटासारखे आणि तेही कच्च्या नटासारखे वाटू लागले. मग संहिता बाजूला ठेवून त्यांना फक्त घटनाक्रम दिला गेला आणि त्यांनी तो रोजच्या कामासारखा आपल्या शब्दांत सांगितला. केंद्राची नेहमीची गाणी आणि जाहिरातीही मध्ये चालूच राहिल्या. फरक ऐकण्यासारखा आहे. बातमीदाराला वाक्यं देऊ नयेत, मुद्दे द्यावेत. नटाच्या बाबतीत उलट.

आता जबाबदारीचा भाग. याबद्दल आम्हाला कळकळीने बोलायचं आहे. सीबीएसच्या वकिलांनी प्रक्षेपणाआधी संहितेतली बरीच खरी नावं बदलायला लावली: खऱ्या हॉटेलाच्या जागी काल्पनिक हॉटेल आलं, सरकारी हवामान खात्याचं नेमकं नाव गेलं, नॅशनल गार्डचं ‘राज्य मिलिशिया’ झालं. राष्ट्राध्यक्षांचं पात्र चालणार नाही म्हटल्यावर ते ‘सेक्रेटरी ऑफ द इंटिरिअर’ या मंत्र्याचं केलं. तरी नट केनी डेलमार यांनी ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ढंगात म्हटलंच. म्हणजे नियम पाळला आणि हेतू मोडला. गावांची आणि रस्त्यांची नावं मात्र खरीच राहिली. ग्रोव्हर्स मिल हे न्यूजर्सीतलं खरं खेडं आहे. त्यातच ‘हे नाटक आहे’ ही मधली घोषणा नेहमी अर्ध्या तासाच्या आसपास व्हायची, ती त्या दिवशी चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास आली. कार्यक्रमाला प्रायोजक नसल्याने मध्ये जाहिरातही नव्हती. रेडिओ उशिरा लावणाऱ्याला हे नाटक असल्याचं सांगणारी एकही खूण बराच वेळ मिळाली नाही. शिवाय म्युनिक कराराच्या धामधुमीत, महिनाभरापूर्वीच, युरोपातल्या युद्धाच्या धोक्याच्या, कार्यक्रम मध्येच थांबवून दिल्या जाणाऱ्या बातम्यांची लोकांना सवय झाली होती.

अमेरिकेत यातून थोडक्यात निभावलं. इक्वाडोरमध्ये नाही. १२ फेब्रुवारी १९४९ च्या रात्री राजधानी कीतोमधल्या रेडिओ कीतो या केंद्राने असंच नाटक केलं. चालू संगीताचा कार्यक्रम तोडून बातमी दिली, शहराजवळच्या कोतोकोयाओचं नाव घेतलं, आधी कसलीही सूचना नव्हती. लोक खरोखर रस्त्यावर आले. हे नाटक आहे असं सांगितल्यावर भीतीचा राग झाला आणि जमावाने केंद्राची इमारत पेटवली. ‘एल कोमेर्सिओ’ हे वर्तमानपत्रही त्याच इमारतीत होतं. माणसं जळून मेली. ज्यांना घबराटीची गोष्ट सांगायची हौस आहे त्यांनी ही सांगावी. हिच्यात गंमत नाही.

आपल्याकडे खासगी एफएम आणि कम्युनिटी रेडिओ यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यामुळे रेडिओवरची बातमी म्हटलं की मराठी कानाला आकाशवाणीचाच स्वर आठवतो, आणि पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्याचा इशारा ऐकून नदीकाठची माणसं आजही सामान हलवतात. त्या विश्वासाला नाटकासाठी हात लावू नये. आकाशवाणीची धून, ‘हे आकाशवाणी आहे’ हे शब्द, खऱ्या धरणाचं, तालुक्याचं, अधिकाऱ्याच्या पदासह जिल्ह्याचं नाव, ११२ हा क्रमांक, यातलं काहीही संहितेत नको. गावाचं नाव बनवताना पिंपळगाव, वडगाव तर मुळीच नको. अशी गावं दर तालुक्यात सापडतात. केंद्राचं नावही काल्पनिक ठेवा. हे नाटक असल्याची घोषणा सुरुवातीला, मग दर दहा मिनिटांनी आणि शेवटी करा. दहा मिनिटांनी घोषणा केली तर परिणाम जातो, असं म्हणणाऱ्यांना आमचं उत्तर असं, की श्रोत्याला फसवल्याशिवाय ज्या नाटकाचा परिणाम टिकत नाही ते नाटक कच्चं आहे. बीबीसीने १९६७ मध्ये हीच कादंबरी सहा भागांत, इंग्लंडमध्येच ठेवून, उघडउघड नाटक म्हणून केली. तिला खोट्या बातमीची गरज लागली नाही. प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा, आणि त्या वेळात केंद्राचा फोन उचलायला एक माणूस बसवा. आणखी एक गोष्ट राहून जाते: मधलाच तुकडा कापून कुणी व्हॉट्सॲपवर टाकला तर तिथे घोषणा नसते. म्हणून बातम्यांच्या भागात केंद्राचं ते काल्पनिक नाव पुन्हा पुन्हा येऊ द्यावं. त्यामुळे तुकडा मधूनच कापला तरी तो नाटकाचा असल्याचं कळायला मदत होते.

खरं तर बातमीच्या या साच्यापायी कादंबरीतला रेडिओसाठीच लिहिल्यासारखा भाग बाजूला पडला आहे. १९३८ च्या संहितेत तो नाहीच. दुसऱ्या खंडात निवेदक आणि एक धर्मोपदेशक पडक्या घरात अडकतात. बाहेर मंगळवाल्यांचा तळ. पुढे निवेदक कोळशाच्या कोठीत लपतो आणि यंत्राचा लांब हात घरात चाचपडत शिरतो. अंधार आहे, त्यामुळे जवळपास सगळं त्याला कानाने आणि स्पर्शानेच कळतं: भिंतीवरची टकटक, कडीशी चाललेली खुडबुड, दार उघडणं, बुटाच्या टाचेला झालेला स्पर्श, मग कोळशाचा एक खडा उचलून हात मागे जाणं, पलीकडे बिस्किटांचे डबे खडखडणं, बाटली फुटणं. ध्वनिपरिणामांची यादी लेखकानेच देऊन ठेवली आहे. वीस मिनिटं, दोन आवाज, एक खोली. सायकलची तेल दिलेली चेन शहाबादी फरशीवरून सावकाश ओढा, माइक जमिनीपासून दोन बोटं वर. खरी लोखंडी कडी लाकडी फळीवर बसवून घ्या. कोळसा पाटीत खरा वापरा. निवेदकाचा श्वास माइकच्या अगदी जवळ, तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला, म्हणजे फुंकर बसत नाही. इथे कुठलंही संगीत घालू नका. कोणत्याही महाविद्यालयाला हे चार तालमींत जमेल, आणि कुणालाही खोटं सांगावं लागणार नाही.

हक्कांचं शेवटी, कारण परवानगीच्या धास्तीने अनेक जण हा विषय सोडून देतात. एच. जी. वेल्स १३ ऑगस्ट १९४६ रोजी वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे मूळ इंग्रजी कादंबरी भारतात १ जानेवारी २००७ पासून मोकळी आहे. कोच १९९५ मध्ये वारले, तेव्हा १९३८ ची संहिता मोकळी धरून चालू नये. तिचं भाषांतर करू नका. एखादा छापील मराठी अनुवाद हाताशी असला तरी त्यावर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. इंग्रजी मूळ घ्या आणि संवाद स्वतः लिहा. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांनी आणि विद्यापीठांच्या कम्युनिटी रेडिओंनी कोळशाच्या कोठीच्या या वीस मिनिटांसाठी संहिता मागवाव्यात, अशी आमची त्यांना विनंती आहे. येत्या ३० ऑक्टोबरला आपल्या पुरवणीत या नाटकावर मजकूर येणार असेल, तर त्यात निदान त्या सहा सेकंदांबद्दल आणि रेडिओ कीतोबद्दल लिहावं, ही आपणास विनंती.

आपले,
नभोनाट्य-लेखन आणि ध्वनिमुद्रण करणारे काही वाचक, पुणे